टोस्टेड ओकची व्हिस्की: चाखावी कशी, पारखावी कशी

अमेरिकेतल्या दारूच्या मोठ्या दुकानात बर्बनच्या रांगेसमोर उभं राहिलं की गेल्या दहा-बारा वर्षांत वाढत गेलेला एक शब्द हमखास दिसतो: 'टोस्टेड'. मिक्टर्स, एलायजा क्रेग, वुडफर्ड रिझर्व्ह अशा केंटकीतल्या नावाजलेल्या घराण्यांनी आपल्या नेहमीच्या बर्बनला भाजलेल्या ओकच्या दुसऱ्या पिंपात मुरवून वेगळ्या बाटल्या काढल्या. त्यांची किंमत मूळ बाटलीपेक्षा जास्त असते. पहिला घोट घेणाऱ्याची दादही बहुतेक वेळा एकच असते: 'वा, काय गोड लागतेय!'

गफलत इथेच होते. गोड लागणं ही या व्हिस्कीची ओळख झाली, तिची पारख नव्हे. पारख करायची तर वेगळा प्रश्न विचारावा लागतो. दुसऱ्या पिंपानं मूळ व्हिस्कीत भर काय घातली आणि झाकून काय टाकलं? त्याचं उत्तर घरच्या घरी, दोन पेले आणि थोडा वेळ हाताशी ठेवून शोधता येतं.

दुसरं पिंप कशासाठी

बर्बनचे नियम मोजके आणि कडक आहेत. ती अमेरिकेत बनलेली हवी, धान्यात किमान ५१ टक्के मका हवा आणि मुरवण नव्या, आतून जाळलेल्या ओकमध्ये व्हायला हवी. पिंपात भरताना मद्यार्क ६२.५ टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही आणि बाटलीत तो ४० टक्क्यांखाली उतरू शकत नाही. लेबलवर 'स्ट्रेट' असेल तर किमान दोन वर्षांची मुरवण झालेली असते आणि रंग किंवा स्वाद बाहेरून घातलेला नसतो.

यातला 'नव्या' हा शब्द महत्त्वाचा. बर्बनसाठी पिंप एकदाच वापरलं जातं. रिकामं झालेलं पिंप मग स्कॉटलंडला जातं, आपल्या गोव्यातही येतं. कुंकळ्ळीला बनणारी पॉल जॉन सिंगल माल्ट अशाच बर्बनच्या जुन्या पिंपांत मुरते. टोस्टेड प्रकारात मात्र पिंप नाही, दारू जागा बदलते. मुरलेली बर्बन पहिल्या पिंपातून काढून आणखी एका नव्या पिंपात काही महिने ठेवतात. हे दुसरं पिंप मंद आचेवर भाजलेलं असतं. काही ठिकाणी ते अजिबात जाळलेलं नसतं, काही ठिकाणी त्याला आगीचा नुसता झपका दिलेला असतो.

या वाटेवरचे टप्पे ठाऊक असावेत. मेकर्स मार्कनं २०१० मध्ये 'मेकर्स ४६' आणली. तिच्यात वेगळं पिंप नव्हतं. मुरलेल्या बर्बनच्या पिंपात फ्रेंच ओकच्या शेकलेल्या फळ्या घालून ते परत बंद केलं जायचं. वुडफर्ड रिझर्व्हची 'डबल ओक्ड' २०१२ मध्ये आली. तिचं दुसरं पिंप खोलवर भाजलेलं आणि हलकंच जाळलेलं असतं. मिक्टर्सची 'टोस्टेड बॅरल फिनिश' बर्बन २०१४ मध्ये आली. तिच्या दुसऱ्या पिंपाचं लाकूड अठरा महिने उघड्यावर वाळवलेलं, नंतर भाजलेलं आणि न जाळलेलं. हेवन हिलची 'एलायजा क्रेग टोस्टेड बॅरल' २०२० मध्ये बाजारात आली आणि हा प्रकार संग्राहकांच्या कपाटातून सामान्य ग्राहकाच्या पिशवीत पोचला.

भाजणं वेगळं, जाळणं वेगळं

चव समजायची तर हा फरक आधी पक्का करावा लागतो. शिऱ्यासाठी रवा मंद आचेवर परतणं आणि भरतासाठी वांगं थेट जाळावर धरणं यांत जेवढं अंतर, तेवढंच टोस्टेड आणि चार्ड पिंपात. जाळण्याचं काम सेकंदांचं आहे. केंटकीत जाळण्याच्या चार पायऱ्या मानतात आणि सर्वांत खोल, चौथ्या पायरीलाही साधारण ५५ सेकंदच लागतात. लाकडाचा पृष्ठभाग कोळसा होतो, मगरीच्या पाठीसारखा तडकतो. भाजणं मात्र मिनिटांचं काम. आच लांबून, सावकाश लागते आणि लाकडात खोल शिरते. रंग तपकिरी होतो, कोळसा होत नाही.

या आचेनं लाकडात चार गोष्टी घडतात. त्या ध्यानात राहिल्या तर पेल्यातला वास कुठून आला हे सांगता येतं.

पहिली, हेमिसेल्युलोज. लाकडातला हा घटक उष्णतेनं फुटून त्याच्या साखरा होतात आणि त्या करपू लागतात. कॅरॅमल, भाजलेला पाव, बिस्किट, भाजलेले बदाम हे वास इथून येतात.

दुसरी, लिग्निन. त्यातून व्हॅनिलिन सुटतं, म्हणजे व्हॅनिलाचा वास. आच वाढली की ग्वायाकॉल येतं आणि वासाला धुराची छटा चढते. लवंगेचा वास ज्या युजेनॉलमुळे येतो तेही ओकमधून पेल्यात उतरतं.

तिसरी, ओकमधली लॅक्टोन्स. अमेरिकन पांढऱ्या ओकमध्ये ती भरपूर असतात आणि खोबऱ्याचा वास देतात. भाजण फार खोल गेली की हा वास ओसरतो.

चौथी, टॅनिन. कच्च्या लाकडात ते जहाल असतं. पावसापाण्यात, उन्हात वाळवल्यानं आणि भाजल्यानं त्याची धार बोथट होते. दुसऱ्या पिंपाच्या फळ्या महिनोन्‌महिने उघड्यावर ठेवण्याचं कारण हेच. हे काम उरकून घेतलं असेल तर जीभ ते लगेच ओळखते.

जाळलेल्या पिंपातला कोळशाचा थर आणखी एक काम करतो: नव्या दारूतले गंधकाचे उग्र वास तो शोषून घेतो. न जाळलेल्या दुसऱ्या पिंपात ही गाळणी नसते. तिथे लाकूड आणि दारू थेट समोरासमोर येतात. म्हणून मूळ बर्बन चांगली मुरलेली नसेल तर टोस्टेड पिंप तिला सुधारत नाही, तिच्यावर गोडाचा लेप चढवतं. पारख करणाऱ्यानं शोधायचा तो हाच लेप.

आणि एक समज आधीच दूर करावा. ऊर्ध्वपातन करून काढलेल्या दारूत साखर येत नाही आणि लाकडातून उतरणाऱ्या साखरा नाममात्र असतात. 'गोड' वाटतं ते मुख्यतः वासामुळे. व्हॅनिला आणि कॅरॅमलचा वास आला की मेंदू गोडाची तयारी करतो. नाक बंद धरून एक घोट घेऊन पाहा, गोडी बरीचशी नाहीशी होते.

आधी लेबल वाचा

पेला भरण्यापूर्वी बाटलीवरच्या चार गोष्टी पाहाव्यात.

मद्यार्काचं प्रमाण. अमेरिकेत ते 'प्रूफ'मध्येही लिहितात; प्रूफचा आकडा टक्क्यांच्या दुप्पट असतो. ९४ प्रूफ म्हणजे ४७ टक्के.

धान्य. बर्बन म्हणजे मक्याचं वर्चस्व. राय व्हिस्कीत किमान ५१ टक्के राय. रायचा तिखटपणा आणि गवताळ, पुदिन्याकडे झुकणारा गंध टोस्टेड लाकडाच्या गोडीला चांगला तोलतो. मिक्टर्सनं २०१७ पासून टोस्टेड राय काढली, ती चाखताना हे नीट कळतं. उलट, ज्या बर्बनमध्ये रायऐवजी गहू असतो ती मुळातच मऊ. तिच्यावर खोल भाजलेलं लाकूड लवकर स्वार होतं.

पिंपाचं वर्णन. 'टोस्टेड' असं नुसतं लिहिलंय की 'टोस्टेड अँड चार्ड'? पूर्ण दुसरं पिंप वापरलंय की फळ्या घातल्यात? वर्णन जेवढं नेमकं, तेवढा उत्पादकाचा विश्वास दांडगा असं समजायला हरकत नाही.

वय. आकडा असेल तर उत्तम. नसेल तर 'स्ट्रेट' शब्द शोधावा. नुसत्या 'स्मॉल बॅच'वर भाळू नये. अमेरिकेच्या कायद्यात त्याची व्याख्या नाही.

एकटी बाटली चाखू नका, जोडी लावा

या लेखातला एकच सल्ला पाळायचा असेल तर हा पाळा. टोस्टेड बाटली एकटी चाखली तर ती चांगली लागणारच. तशी लागावी म्हणूनच ती बनवलेली असते. तिच्या शेजारी त्याच घराण्याची, दुसऱ्या पिंपात न गेलेली बाटली ठेवली की चित्र स्पष्ट होतं.

दोन जोड्या यासाठी फार सोयीच्या आहेत. एलायजा क्रेगची 'स्मॉल बॅच' आणि 'टोस्टेड बॅरल' दोन्ही ४७ टक्क्यांच्या. मिक्टर्सची 'यूएस वन' बर्बन आणि तिची टोस्टेड बहीण दोन्ही ४५.७ टक्क्यांच्या. मद्यार्क सारखा, म्हणून जो फरक जाणवेल तो पिंपाचा. वुडफर्डची साधी आणि 'डबल ओक्ड' हीही जोडी चांगली आणि शोधायला सोपी. फक्त दोन्ही बाटल्यांवरचे टक्के जुळतात का ते पाहून घ्यावं, कारण अमेरिकेत आणि अमेरिकेबाहेर ते वेगळे असू शकतात.

टक्के जुळत नसतील तर पाण्यानं जुळवावेत. १५ मिली दारू ५० टक्क्यांची असेल आणि ती ४५ वर आणायची असेल, तर सुमारे १.७ मिली पाणी पुरतं. औषधाची सुई नसलेली सिरिंज यासाठी उपयोगी पडते. हे न करता जास्त कडक आणि कमी कडक व्हिस्की शेजारी ठेवल्या तर बहुतेक माणसं कडक असलेलीला 'जास्त चवदार' म्हणतात आणि श्रेय मात्र लाकडाला देतात.

हौस असेल तर तिसरा पेला ओल्ड फॉरेस्टरच्या '१९१०'चा ठेवावा. तिलाही दुसरं पिंप आहे, पण ते खूप खोल जाळलेलं. भाजण आणि जाळण यांतला फरक जिभेला यापेक्षा सरळ शिकवणारी बाटली मला माहीत नाही.

तयारी

पेला वर निमुळता होणारा हवा. ग्लेनकेर्नचा ट्युलिपच्या आकाराचा पेला यासाठीच बनला आहे. तो नसेल तर वाइनचा छोटा पेला चालतो. रुंद तोंडाच्या जाड ग्लासात वास उडून जातो आणि नाकाशी फक्त मद्यार्क पोचतो.

प्रत्येक पेल्यात १५ मिली पुरे. एका बैठकीला तीनपेक्षा जास्त पेले नकोत. चौथ्या पेल्याचं मत तुमचं नसतं, आधीच्या तिघांचं असतं. चूळ भरायला साधं पाणी, थुंकायला एक भांडं ठेवावं. पारख करताना थुंकण्यात लाजण्यासारखं काही नाही. धंद्यातले लोक तेच करतात.

खोलीचं तापमान पाहावं. मे महिन्यातल्या मुंबईत, पंख्याखाली ठेवलेल्या पेल्यातून मद्यार्क आधी वर येतो आणि नाक जाळतो. खोली २०-२२ अंशांवर असेल तर उत्तम. बाटली फ्रीजमध्ये मात्र ठेवू नये आणि बर्फ घालू नये. थंडीनं व्हॅनिला आणि खोबऱ्याचे वास आखडतात, तुरटपणा उठून दिसतो.

स्वयंपाकघरात फोडणी चालू असेल, घरात उदबत्ती लागली असेल, कुणी अत्तर लावून बसलं असेल तर बैठक पुढे ढकलावी. आधीचा अर्धा तास कॉफी, पान, तंबाखू, पुदिन्याच्या गोळ्या बंद. चखणा चाखून झाल्यावर. तिखट शेव किंवा मसाला शेंगदाणे खाऊन रायचा तिखटपणा मोजायला बसणाऱ्याला कुणी मदत करू शकत नाही.

पेले भरून झाकून दहा मिनिटं ठेवावेत. तेवढ्यात उग्र वाफ बसते.

रंग पाहा, पण त्यावर विसंबू नका

पेला पांढऱ्या कागदावर धरून दोन्ही रंग शेजारी पाहावेत. स्ट्रेट बर्बनमध्ये रंग फक्त लाकडातून येतो, म्हणून टोस्टेड पेला किती गडद झालाय यावरून दुसऱ्या पिंपानं किती काम केलं याचा अंदाज बांधता येतो. ते काम चांगलं झालं की वाईट, हे रंग सांगत नाही. गडद म्हणजे भारी, हा ग्राहकाचा जुना भ्रम आहे आणि विक्रेत्याची जुनी सोय. रंगाला गुण देऊ नयेत.

वास: इथेच निम्मं काम होतं

आधी साधी बर्बन, मग टोस्टेड. उलट क्रम केला तर साधी बिचारी फिकी वाटते.

पेला वाइनसारखा गरगर फिरवू नये. एकदा हलकेच तिरका करून सरळ करावा. पहिल्यांदा हनुवटीजवळ धरून, ओठ किंचित विलग ठेवून श्वास घ्यावा. नंतर वरच्या ओठापाशी. नाक पेल्यात खुपसलं तर पुढची पाच मिनिटं वाया जातात. नाक थकलं असं वाटलं तर स्वतःच्या मनगटाचा किंवा बाहीचा वास घ्यावा, ते ताळ्यावर येतं.

टोस्टेड पेल्यात काय शोधायचं? परदेशी वर्णनांत 'शेकलेला मार्शमॅलो', 'ग्रॅहम क्रॅकर', 'क्रेम ब्रुले' असे शब्द असतात. ते खाल्लेच नसतील तर त्यांचा आव आणू नये. आपल्या नाकाच्या आठवणीत असलेलेच वास लिहावेत: चिक्कीचा पाक, काकवी, ग्लुकोज बिस्किट, परतलेलं सुकं खोबरं, जायफळ, दालचिनी, लवंग, सुताराच्या रंध्याखालचा ताजा भुसा. वासाची यादी लांबवण्याची चढाओढ नसते. तीन वास खात्रीनं ओळखले तर पुष्कळ झाले.

आता मूळ प्रश्नाकडे या. साध्या पेल्यात तुम्हाला मका, सफरचंद किंवा चेरीसारखं फळ, थोडी मिरी सापडली असेल. टोस्टेड पेल्यात ते अजून सापडतं का? चांगल्या टोस्टेड व्हिस्कीत मूळचं फळ आणि धान्य मागे सरकतं, पण ओळखता येतं. वाईट व्हिस्कीत व्हॅनिला आणि लाकूड यांपलीकडे काहीच उरत नाही; ती कुठल्या घराण्याची, हेही सांगता येत नाही.

घोट

पहिला घोट फक्त तोंड ओलं करण्यासाठी. त्यावर मत बनवू नये. जीभ अजून मद्यार्काशी जुळवून घेत असते. मत दुसऱ्या घोटावर.

जिम बीमचे नातू आणि त्या घराण्याचे मास्टर डिस्टिलर बुकर नो व्हिस्की तोंडात घोळवून, चावल्यासारखं करून चाखत. त्या पद्धतीला 'केंटकी च्यू' म्हणतात. ती टोस्टेड व्हिस्कीसाठी फारच उपयोगी आहे, कारण दुसऱ्या पिंपाच्या खुणा तोंडाच्या वेगवेगळ्या भागांत उमटतात. घोट पाच-सात सेकंद फिरवावा आणि तीन गोष्टी वेगळ्या पाहाव्यात.

सुरुवात: गोडी कधी आली? जिभेवर पडताच आली आणि लगेच सपाट झाली, की हळूहळू फुलली? मध्य: गोडीसोबत दुसरं काही आहे का? मसाला, फळ, भाजलेलं धान्य? की मधे पोकळी आहे? पोत: घोट दाट, तेलकट लागतो की पाणीदार? टोस्टेड लाकूड पोत गोल करतं ही त्याची खरी देणगी.

मग शेवट. घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर घड्याळाकडे बघत चव किती टिकते ते पाहावं. लांबीपेक्षा शेवटी काय उरतं हे जास्त महत्त्वाचं. कॅरॅमल आणि मसाला सावकाश विरत गेला तर उत्तम. गोडी चटकन संपून हिरड्यांवर कच्च्या सुपारीचा तुरटपणा आणि फार उकळलेल्या चहाचा कडवटपणा उरला, तर व्हिस्की दुसऱ्या पिंपात जास्त दिवस राहिली किंवा लाकूड नीट वाळलेलं नव्हतं. या प्रकारातला हा सगळ्यात मोठा आणि सगळ्यात जास्त आढळणारा दोष आहे. गोड सुरुवातीत तो लपतो, म्हणून घाईनं चाखणाऱ्याला सापडत नाही.

पाण्याची परीक्षा

कोरी चाखून झाली की दोन्ही पेल्यांत पाणी सारखंच घालावं. आधी अर्धा मिली, म्हणजे आठ-दहा थेंब. ४७ टक्क्यांची १५ मिली व्हिस्की त्यानं साडेपंचेचाळीसच्या आसपास येते. नंतर आणखी दोन मिली घातलं, म्हणजे एकूण अर्धा चमचा झाला, की ती ४० टक्क्यांच्या जवळ उतरते. पाणी शुद्ध आणि बेचव हवं. बोअरचं जड पाणी नको.

पाण्यानं वास का बदलतो यावर स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन यांनी २०१७ मध्ये संगणकीय अभ्यास प्रसिद्ध केला. मद्यार्क जास्त असताना ग्वायाकॉलचे रेणू द्रवात आत राहतात, तो कमी झाला की ते पृष्ठभागाशी येतात, असं त्यातून दिसलं. ग्वायाकॉल हे भाजलेल्या ओकचंच लेकरू, त्यामुळे टोस्टेड व्हिस्कीला पाण्याची ही परीक्षा विशेष लागू पडते.

निकाल असा वाचावा. पाण्यानं टोस्टेड पेल्यात नवे वास उघडले, मागे गेलेलं फळ पुढे आलं, तर मुळातली व्हिस्की दमदार आहे. पाणी पडताच ती कोसळली, ओला पुठ्ठा आणि कडवट लाकूड तेवढं उरलं, तर लेप पातळ होता.

डोळे झाकून

महाग बाटली समोर दिसत असताना निष्पक्ष राहणं कुणालाच जमत नाही. घरातल्या कुणाला तरी पेले भरायला सांगावेत, पेल्यांच्या बुडाशी खुणेच्या चिठ्ठ्या लावून घ्याव्यात आणि बाटल्या नजरेआड कराव्यात.

याची आणखी कसोटीची रीत म्हणजे तीन पेल्यांची. दोन पेल्यांत एकच व्हिस्की, तिसऱ्यात दुसरी. वेगळा पेला ओळखायचा. नुसत्या अंदाजानं तिनात एकदा बरोबर येतंच, म्हणून एका यशावर खूश होऊ नये. दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी ओळखता आला तर फरक खरा. टोस्टेड आणि साधी यांतला फरक तुम्हाला ओळखताच येत नसेल, तर जास्त पैसे कशासाठी द्यायचे याचं उत्तर मिळालंच.

गुण कसे द्यावेत

शंभरपैकी गुण देण्याची रीत परदेशी नियतकालिकांत रुळली आहे, पण ८७ आणि ८९ यांत फरक काय, हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. वीस गुण पुरेसे आहेत.

वास: ५ गुण. स्पष्टता आणि विविधता पाहावी.
चव आणि पोत: ५ गुण. सुरुवात, मध्य आणि घोटाचा भरीवपणा.
शेवट: ४ गुण. निखळ उतरतो की तुरट होतो.
समतोल: ६ गुण. मूळ व्हिस्की आणि दुसरं पिंप यांत कुणी कुणाला दाबलं का.

समतोलाला सर्वांत जास्त गुण मुद्दाम ठेवले आहेत, कारण या प्रकारात वास आणि चवीचे गुण लाकूड सहज मिळवून देतं. साध्या व्हिस्कीलाही याच तक्त्यानं गुण द्यावेत. तिच्या बाबतीत समतोल म्हणजे धान्य, फळ आणि पहिलं पिंप यांचा मेळ. टोस्टेड बाटली साध्या बाटलीपेक्षा दोन गुणांनी तरी पुढे नसेल तर ती 'वेगळी' आहे म्हणावं, 'चांगली' म्हणू नये.

सोबत दोन ओळींची नोंद ठेवावी: तारीख, बाटली, टक्के, पाणी किती घातलं, तीन वास, शेवटी काय उरलं. बाटली अर्धी झाल्यावर तीच परीक्षा पुन्हा घ्यावी. आत शिरलेल्या हवेनं चव बदलते आणि पहिल्या दिवशीचं मत कधी कधी मागे घ्यावं लागतं.

किंमत आणि खरेदी

किंमत गुण देऊन झाल्यावरच मनात आणावी. एलायजा क्रेग टोस्टेड आली तेव्हा अमेरिकेत तिची सुचवलेली किंमत ५० डॉलरच्या घरात होती. मिक्टर्सची टोस्टेड बर्बन दरवर्षी येत नाही, त्यामुळे मूळ किमतीत ती क्वचितच हाती लागते आणि दुय्यम बाजारात तिचा भाव चढलेला असतो. त्या वाढीव भावात चवीचा वाटा थोडा, दुर्मिळतेचा जास्त. सुरुवात करणाऱ्यानं वुडफर्ड किंवा एलायजा क्रेगच्या जोडीपासून करावी.

भारतानं फेब्रुवारी २०२५ मध्ये बर्बनवरचं आयात शुल्क १५० टक्क्यांवरून १०० टक्क्यांवर आणलं, तरी राज्याचा कर धरून इथली किंमत जास्तच राहते आणि टोस्टेड बाटल्या मोजक्याच दुकानांत मिळतात. अमेरिकेतून परतणाऱ्या नातेवाइकाला शुल्काविना दोन लिटरपर्यंत मद्य आणता येतं. त्यानं टोस्टेडच्या दोन बाटल्या आणण्यापेक्षा एक टोस्टेड आणि एक साधी आणावी. तुलनेला जोडी मिळते. महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण हवीत आणि परवाना हवा, हे विसरू नये. आणि चाखून झाल्यावर, थोडीच प्यायलात म्हणून, गाडी चालवू नये.

दुकानात एकच बाटली घेण्याइतके पैसे खिशात असतील आणि घरी मूळ बर्बन नसेल, तर मूळचीच घ्या. ती ओळखीची झाल्याशिवाय टोस्टेड पिंपानं तिचं काय केलं, हे सांगणं कुणालाच शक्य नाही.